उसनी विश्रांती

म्हातारपणासाठी मराठी माणसाचे देवाकडे एकच मागणे असते: चालता-बोलता जावे. कुणाच्या हाती पडू नये, अंथरूण धरू नये. पण त्याच घरात कुणाचे गुडघे धरले की पहिला सल्ला निघतो तो नेमका उलटा. जिना चढू नका, बाजारात कशाला जाता, आयुष्यभर राबलात, आता स्वस्थ बसा. सल्ला मायेपोटी येतो, आणि इतक्या सहज येतो की तो आजीच्या बटव्यातलाच असावा असे वाटते. तसे नाही. सांधेदुखीवर विश्रांती हा मुख्य उपाय म्हणून रुजला तो साधारण दीडशे वर्षांपूर्वी, इंग्लंड-फ्रान्सकडच्या रुग्णालयांत, आणि मुळात सांधेदुखीसाठी तो काढलेलाच नव्हता. एका वेगळ्या, जीवघेण्या रोगासाठी तो काढला होता. तिथून तो उसना घेतला गेला आणि परत करायचा राहून गेला. आजचे डॉक्टर गुडघेदुखीच्या माणसाला चालायला सांगतात तेव्हा घरच्यांना ते नवे फॅड वाटते. प्रत्यक्षात ती जुन्या उसनवारीची उशिरा सुरू झालेली फेड आहे.

हिशेब मांडायचा तर आधी आपल्या घरात काय होते ते पाहावे लागेल. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात २८वा अध्याय वातव्याधीचा आणि २९वा वातरक्ताचा. म्हणजे दुखऱ्या सांध्यांमागे एकच रोग नसतो हे वैद्य तेव्हाही ओळखत होते. पुढे माधवकराने आपल्या निदानग्रंथात आमवात स्वतंत्र काढला. रोग वेगळे म्हणून उपचारही वेगळे. वातव्याधीत तेल आणि घाम. आमवातात सुरुवातीला तेल वर्ज्य, तिथे तापवलेल्या वाळूची पुरचुंडी करून कोरडा शेक. तेल आणि शेकाचे समर्थन करताना चरक दाखला देतो तो लाकडाचा: वाळलेले लाकूडसुद्धा तेल मुरवून आणि ऊब देऊन वाकवता येते, मग जिवंत शरीर का वाकणार नाही? हा दाखला बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण उपचाराचे यश कशात मोजायचे हे त्यात सांगून टाकले आहे. सांधा वाकला पाहिजे. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, तेल लावून बांधलेले एरंडाचे पान, हाडवैद्याचे चोळणे, या सगळ्यांचा रोख तोच. यावरून आपल्या पूर्वजांना आजचे व्यायामशास्त्र ठाऊक होते असा निष्कर्ष मात्र काढू नये. तसा काढणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. फाजील व्यायामाने वात वाढतो असेही तीच परंपरा सांगते, आणि सुश्रुताने व्यायामाला माप घालून दिले ते अर्ध्या शक्तीचे. इथे मुद्दा एवढाच की खाटेवर पडून राहणे हा या परंपरेचा मुख्य उपचार नव्हता.

युरोपात अडचण नावापासून सुरू होत होती. शरीरातला कुठला तरी दूषित रस ओघळून सांध्यात साचतो या जुन्या कल्पनेतून ‘रुमॅटिझम’ हा शब्द आला आणि कंबर, खांदा, गुडघा, बोटे, जे दुखेल ते त्या एका पोत्यात भरले गेले. आपल्या बोलीतल्या ‘वाता’चे पुढे झाले तसेच. १८०० साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या लाँद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात नऊ बायकांचे दुखणे वेगळे काढले. आज आपण ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतो त्याचे ते पहिले नीट वर्णन मानतात. त्या दुखण्याला ते नाव दिले लंडनच्या आल्फ्रेड गॅरडने, १८५९ मध्ये. वातरक्ताशी ज्याची सांगड घातली जाते तो ‘गाउट’ याच गॅरडने एका साध्या दोऱ्याने वेगळा केला होता. रोग्याच्या रक्तातले पाणी उथळ काचेच्या बशीत घ्यायचे, त्यात थोडे ॲसिटिक ॲसिड घालायचे, तागाच्या कापडाचा एक धागा सोडायचा आणि बशी एका बाजूला ठेवून द्यायची. रक्तात युरिक ॲसिड जास्त असेल तर एक-दोन दिवसांत धाग्यावर खडीसाखरेसारखे बारीक खडे धरतात. इतकी सोपी आणि खात्रीची चाचणी बाकी कुठल्याही सांधेदुखीसाठी नव्हती. क्ष-किरण सापडायला १८९५ उजाडायचे होते, क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखला दिसला तो १८८२ मध्ये. तोवर सुजलेला गुडघा समोर आला की डॉक्टरकडे होती ती बोटे आणि अंदाज. उसनवारी झाली ती या अंधारात.

कारण त्या काळात सुजलेला गुडघा म्हणजे बऱ्याचदा क्षय असे, आणि तोही लहान मुलांना. सांधा हळूहळू फुगे, वरची कातडी ताणून पांढुरकी आणि चकचकीत होई. डॉक्टर त्याला पांढरी सूजच म्हणत. आत पू होई, तो फुटून महिनोन् महिने वाहत राही, आणि पोर खंगत जाई. औषध कुठलेच नव्हते. पाय कापणे हा एक मार्ग होता, तोही जंतुनाशकांच्या आधीच्या काळात मरणाच्या दारातूनच जाणारा. अशा वेळी लंडनच्या गाइज हॉस्पिटलचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी १८६३ मध्ये आपली व्याख्याने पुस्तकरूपाने आणली. वेदना ही शरीराने विश्रांतीसाठी दिलेली हाक आहे, ती ऐका, असा त्यांचा सांगावा होता. त्याला लोखंडाचे रूप दिले लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन टॉमस यांनी. अंगाने लहानखुरा माणूस, डोळ्यांवर ओढलेली खलाशी टोपी, गळ्यापर्यंत बटणे लावलेला काळा कोट, ओठांत सिगारेट. नेल्सन स्ट्रीटवरच्या ११ नंबरच्या घरात त्यांचा दवाखाना होता, त्याला जोडून लोहारकाम आणि चामड्याचे काम चाले, आणि रविवारी गरिबांना फुकट तपासत. मांडीच्या मुळाशी बसणारे चामड्याने मढवलेले लोखंडी कडे, त्याच्यापासून पायाच्या दोन्ही अंगांनी खाली उतरणाऱ्या दोन सळ्या: टॉमस स्प्लिंट म्हणून जगभर गेलेले हे साधन तिथले. सांध्याला द्यायची विश्रांती सक्तीची हवी, अखंड हवी आणि दीर्घ हवी, हे त्यांनी १८७५च्या आपल्या ग्रंथात आणि पुढे आयुष्यभर सांगितले.

टॉमस यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवायला हवी. त्यांनी बांधून ठेवला तो सांधा, माणूस नव्हे. धडक्या पायाच्या बुटाखाली ते एक लोखंडी उंचवटा बसवत, म्हणजे दुखरा पाय अधांतरी लोंबे, आणि काखेत कुबड्या देऊन पोराला बाहेर उजेडात, हवेत धाडत. हा भेद पुढे पुसला गेला. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर बेर्क इथे १८६९ मध्ये मोठे सागरी रुग्णालय उभे राहिले. तिथल्या वाळूच्या वाऱ्यात प्लास्टरमध्ये जखडलेली मुले आणि तरुण माणसे वर्षानुवर्षे आडवी पडून असत. समुद्रावर फिरायला नेण्यासाठी लांबट, बुटक्या गाड्या होत्या, आणि रोगी उताणा पडल्या पडल्या हातात लगाम धरून ती गाडी हाकी. विश्रांतीची ही परमावधी. पण इथेच सारी मेख आहे. सांध्याच्या क्षयात बरे होणे याचा अर्थ काय होता? आतली हाडे पोखरली गेल्यावर ती एकमेकांना घट्ट चिकटून सांधा कायमचा ताठ झाला, पण कामाला येईल अशा कोनात ताठ झाला, तर डॉक्टर आणि आईबाप दोघेही देवाचे आभार मानत. ताठरपणा रोगाने येतो, विश्रांतीने नव्हे, असे टॉमस स्वतः बजावत. पण बहुतेकांच्या वाट्याला आलेला शेवट तोच होता, आणि तोच चांगला समजला जात होता. १९११ मध्ये तर न्यूयॉर्कच्या हिब्ज आणि अल्बी या दोन शल्यविशारदांनी मणक्याच्या क्षयात मणके मुद्दाम एकमेकांत जुळवण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. म्हणजे ज्या उपचाराचे यश सांधा ताठ होण्यात मोजले जात होते, तोच उपचार अशा दुखण्याला लावला गेला ज्यात ताठरपणा हीच मुळात तक्रार होती. चरकाच्या लाकडाचा दाखला आठवला तर ही अदलाबदल किती उलटी होती ते कळते.

मग ती झाली कशी? डॉक्टर मूर्ख होते म्हणून नव्हे. समोरचा गुडघा क्षयाचा की झिजेचा हे कळत नसताना तो हलवायला सांगणे म्हणजे जुगार होता. क्षयाचा असला तर पोर जायचे. बांधून ठेवला तर फार तर आखडायचा. अज्ञानात सुरक्षित बाजू विश्रांतीची होती. त्यात संधिवाताच्या तापाची भर पडली. त्या तापात सांधे सुजतात, पण खरा घाला हृदयावर पडतो, म्हणून मुलांना आठवडेच्या आठवडे उठू न देण्याचा दंडक होता; सांधे दुखतात तर निजून राहावे, हा धडा त्या घरांनी तिथूनही उचलला असणार. शिवाय विश्रांतीला एक प्रतिष्ठा होती. पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये काढलेल्या बेल-एअरसारख्या क्षयरुग्णालयांमुळे हवापालट आणि आरामखुर्ची ही चांगल्या उपचाराची खूण म्हणून आपल्याकडच्या पांढरपेशा घरांतही ओळखीची झाली. ज्याला पडून राहणे परवडते तोच ती घेऊ शकत होता. गिरणीत जाणाऱ्याला, नांगर धरणाऱ्याला डॉक्टरने सहा महिने विश्रांती सांगितली काय आणि सोन्याचे भस्म सांगितले काय, सारखेच.

असा माणूस जाई हाडवैद्याकडे. इंग्लंडातही तेच होते. तिथले हाडवैद्य आखडलेला सांधा हातात धरून एका झटक्यात मोकळा करत, रोगी त्याच दिवशी चालत घरी जाई, आणि महिनोन् महिने प्लास्टरमध्ये ठेवणाऱ्या डॉक्टरची शोभा होई. गंमत अशी की विश्रांतीचा हा महर्षी, ह्यू ओवेन टॉमस, वेल्समधल्या अँगलसी बेटावरून आलेल्या पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातला. बाप लिव्हरपूलमध्ये तोच धंदा करी आणि डॉक्टर लोक त्याला कोर्टात खेचत, म्हणून त्याने पाचही मुलांना रीतसर डॉक्टर केले. डॉक्टरांपैकी शहाण्यांना चूक दिसत नव्हती असे नाही. सर जेम्स पॅजेट यांनी १८६७ मध्ये हाडवैद्य बरे करतात त्या रोग्यांवर व्याख्यान देऊन विद्यार्थ्यांना बजावले की हे लोक तुमचे प्रतिस्पर्धी ठरणार आहेत, त्यांच्यातले चांगले ते घ्या. चार वर्षांनी व्हार्टन हूड नावाच्या डॉक्टरने ते प्रत्यक्ष करून दाखवले. त्याच्या वडिलांनी हटन नावाच्या हाडवैद्याच्या आजारपणात फी न घेता उपचार केले होते. त्या उपकाराची फेड म्हणून हटनने आपली विद्या हूडला शिकवली आणि हूडने ती १८७१ मध्ये छापून टाकली. पण व्यवसायाची भिंत पक्की होती. हर्बर्ट बार्कर या प्रसिद्ध हाडवैद्याच्या रोग्यांना भूल दिली एवढ्यासाठी डॉ. फ्रेडरिक ॲक्सहॅम यांचे नाव १९११ मध्ये डॉक्टरांच्या नोंदवहीतून कापण्यात आले. बार्करला १९२२ मध्ये सरदारकी मिळाली. ॲक्सहॅम चार वर्षांनी वारले तेव्हाही त्यांचे नाव नोंदवहीत परत आलेले नव्हते.

हातांनी करायच्या उपचारांना बदनामीचा आणखी एक डाग होता. १८९४ मध्ये लंडनमधल्या मालीशघरांच्या आडून वेश्याव्यवसाय चालतो असे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकांनी उघड केले, आणि आपला पेशा सोवळा ठेवण्यासाठी काही परिचारिकांनी त्याच वर्षी प्रशिक्षित मालीशकर्मींची संस्था काढली. आजच्या ब्रिटिश फिजिओथेरपीचे मूळ ते. आपल्याकडे तालमीतला चोळणारा किंवा अंग रगडणारा न्हावी यांच्या हातात जे कसब होते त्याला विद्या म्हणायला कुणी तयार नव्हते, तीच गत थोड्या फरकाने तिथेही होती. पॅरिसमध्ये ल्युका-शाँपिओनिएर मोडलेल्या हाडालाही लवकर हालचाल द्या म्हणून सांगत होते, स्टॉकहोममध्ये गुस्ताव झँडर यांनी १८६५ पासून व्यायामाची यंत्रे लावली होती. पण इंग्रजी पुस्तकांवर शिकलेल्या डॉक्टरांवर छाप राहिली ती टॉमस आणि त्यांचे भाचे सर रॉबर्ट जोन्स यांची. आपले डॉक्टर त्याच पुस्तकांवर शिकले. उसनवारी इथवर अशी पोचली.

मग १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, आणि पुढच्या दोन दशकांत क्षयाचे औषधोपचार असे बसले की सांधे वर्षानुवर्षे बांधून ठेवण्याचे कारणच उरले नाही. मूळ धनको गेला. कर्ज मात्र राहिले. लंडनच्या रिचर्ड ॲशर यांनी १९४७ मध्येच अंथरुणाच्या धोक्यांवर एक टोकदार लेख लिहून खाटेवरच्या माणसाचे रक्त, फुप्फुसे, हाडे, स्नायू आणि मन कसे कसे बिघडते हे मांडले होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सांध्यांनी जखडलेल्या २९ वर्षांच्या बाईला नव्या संप्रेरकाची, कॉर्टिसोनची, इंजेक्शने दिली आणि काही दिवसांत ती उठून दुकानांत फिरून आली. या शोधाला १९५०चे नोबेल मिळाले, आणि औषधाचे दुष्परिणामही तितक्याच वेगाने पुढे आले. तरी रुमॅटॉइडच्या रोग्यांना रुग्णालयात आठवडेच्या आठवडे निजवून ठेवण्याची रीत चालूच राहिली. तिची परीक्षा कुणी घेतली नव्हती, कारण गृहीत धरलेल्या गोष्टीची परीक्षा घेत नाहीत. ती घेतली गेली ती १९७१ मध्ये. अमेरिकेतल्या एका अभ्यासात रुमॅटॉइडच्या काही रोग्यांना पूर्ण अंथरुणावर ठेवले, काहींना वॉर्डात हवे तसे हिंडू दिले. शेवटी दोघांत मोलाचा फरक दिसला नाही. १९७५ मध्ये स्वीडनमध्ये तर अशा रोग्यांना व्यायामच करायला लावला आणि त्यांची ताकद वाढली, सांधे चिडले नाहीत. निजून राहण्याची किंमत किती, हे १९६६ मध्येच टेक्सासमधल्या डलास शहरात मोजले गेले होते. विशीतली पाच धडधाकट पोरे तीन आठवडे अंथरुणावर ठेवली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले तेव्हा दिसले की श्रम करण्याची त्यांची क्षमता तीस वर्षांच्या वयाने जेवढी घटली नव्हती तेवढी त्या तीन आठवड्यांनी घटली होती.

इथे एक आक्षेप रास्त आहे. विश्रांती क्षयाकडून उसनी घेतली म्हणून दोष द्यायचा, तर हालचालीचा उपचार तरी सांधेदुखीच्या घरचा आहे का? नाही. फिजिओथेरपीला बळ आले ते पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे आणि नंतर पोलिओमुळे. पोलिओच्या पोरांना फळ्यांत बांधून ठेवण्याविरुद्ध ऑस्ट्रेलियन परिचारिका एलिझाबेथ केनी यांनी आयुष्यभर भांडण केले. त्या गरम ओल्या लोकरीचा शेक देऊन स्नायू हलवायला शिकवत. मुंबईत हाजी अलीला १९५५ मध्ये उभ्या राहिलेल्या पुनर्वसन संस्थेसमोरही पोलिओची पोरे आणि अपंग माणसे हाच मोठा प्रश्न होता, गुडघेदुखीची आजी नव्हे. तेव्हा हालचालही उसनीच. फरक एवढा की तिची परीक्षा त्या त्या दुखण्यात वेगळी घेतली गेली. १९९७ मध्ये अमेरिकेत गुडघ्याच्या झिजेने त्रासलेल्या, साठी ओलांडलेल्या ४३९ जणांचे तीन गट केले: एक चालणारा, एक वजने घेऊन ताकद वाढवणारा, एक नुसती माहिती ऐकणारा. दीड वर्षाने पहिल्या दोन्ही गटांचे दुखणे आणि अडखळणे तिसऱ्यापेक्षा कमी होते, आणि क्ष-किरण चित्रात गुडघे जास्त बिघडलेले दिसले नाहीत. फायदा माफक होता. चमत्काराच्या जाहिराती करणाऱ्यांना तो विकता येणार नाही इतका माफक. पण विश्रांतीच्या नावावर एवढाही पुरावा नव्हता.

दुसरा आक्षेप शब्दातूनच येतो. आपण ‘झीज’ म्हणतो, आणि झिजणारी वस्तू जपून वापरायची हे व्यवहारज्ञान आहे. चपलेचा तळ घासला तर आपण चालणे कमी करतो. पण गुडघ्यातली कूर्चा चपलेसारखी मेलेली नसते. तिला रक्तवाहिन्या नाहीत; तिचे पोषण सांध्यातल्या वंगणातून होते, आणि ते वंगण आत-बाहेर होते ते दाब पडला आणि सुटला तरच, ओल्या स्पंजासारखे. पाऊल टाकले की दाब, उचलले की सुटका. शिवाय गुडघ्यावरचा बराच भार मांडीचे पुढचे स्नायू झेलतात, आणि बसून राहिले की आधी तेच वाळतात. म्हणजे सांधा वाचवायला म्हणून बसलेला माणूस त्या सांध्याचा राखणदारच उपाशी ठेवतो. ‘झीज’ हा शब्द बोलीतून काढता येणार नाही, पण त्याच्या पोटातला हिशेब चुकीचा आहे.

यापेक्षा अवघड आक्षेप शेतातून येतो. हालचाल एवढी गुणाची, तर कोकणात चिखलात कमरेत वाकून भाताची लावणी करणारी, पाठीत पोक येईतो मोळ्या वाहणारी बाई साठीच्या आत गुडघ्यांनी का बसते? तिच्याइतकी हालचाल कुणाची? हा प्रश्न टाळून चालणार नाही. अमेरिकेत फ्रेमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासात गुडघे वाकवून जड काम करणाऱ्या पुरुषांत गुडघ्याची झीज जास्त आढळली. चीनमध्ये बीजिंगच्या म्हाताऱ्यांचा अभ्यास झाला तेव्हा तरुणपणी रोज तास तास उकिडवे बसण्याचा संबंध गुडघ्याच्या झिजेशी लागला, आणि तिथल्या बायकांत गुडघ्याची झीज अमेरिकन बायकांपेक्षा जास्त निघाली. म्हणजे श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. व्यायामाला माप असते, थांबण्याची मुभा असते आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर कमी करण्याची सोय असते. मजुरीत यातले काहीच नसते. लावणीच्या बाईला घरी बसवणे हे उत्तर नव्हे, आणि तुझे काम हाच व्यायाम असे तिला सांगणे हे तर निव्वळ क्रौर्य. तिला हवा तो कमी भार, बसायला उंचवटा, आणि मांडीची ताकद. सुश्रुताचे अर्ध्या शक्तीचे माप इथे पुराणातले न वाटता दवाखान्यातले वाटू लागते.

आणि विश्रांती कधीच नको असे म्हणणेही उलट बाजूची उसनवारी होईल. रुमॅटॉइडमध्ये सांधा लाल, गरम आणि फुगलेला असतो तेव्हा त्याला काही दिवस आधार देऊन स्वस्थ ठेवणे योग्यच, आणि या दुखण्यात औषध आधी, व्यायाम त्याच्या जोडीने. नेदरलँड्समध्ये सुमारे ३०० रुमॅटॉइड रोग्यांना दोन वर्षे चांगला घाम काढणारा व्यायाम दिला; २००३ मध्ये निकाल आला की कामे करण्याची ताकद सुधारली, सांध्यांची हानी एकंदरीत वाढली नाही, पण ज्यांचे गुडघे-खुबे आधीच फार खराब होते त्यांच्या बाबतीत जपून राहावे असे चिन्ह दिसले. टॉमस यांनी सांधा आणि माणूस यांत केलेला भेद इथे परत कामाला येतो: सुजलेला एक गुडघा निजवायचा, पण त्यासाठी अख्खा माणूस निजवायचा नाही.

फ्रेंच चित्रकार ऑग्युस्त रन्वार यांना रुमॅटॉइडने पन्नाशीच्या सुमारास गाठले. विश्रांतीचा तो भर काळ. रन्वार रोज सकाळी कामाला बसण्याआधी चामड्याचे लहान चेंडू हवेत उडवून झेलत, बोटे मोकळी राहावीत म्हणून. पुढे चेंडू धरवेना तेव्हा लाकडाचा तुकडा उडवून झेलू लागले. सत्तरीत चाकाच्या खुर्चीला खिळल्यावर एका डॉक्टरने त्यांना पुन्हा चालते करायचा विडा उचलला. मुलगा ज्याँ याने लिहिलेल्या आठवणींत तो प्रसंग आहे. रन्वार उठले, धरत धरत चित्राच्या घोडीभोवती फेरी मारून आले आणि परत खुर्चीत बसले. चालण्यात सगळी शक्ती जाते, मग चित्राला काय उरणार, असे म्हणून त्यांनी चालणे सोडून दिले. त्यानंतर मोठे चित्र काढायचे असले की कॅनव्हास दोन आडव्या रुळांवर गुंडाळत आणि हँडल फिरवून हवा तो भाग त्यांच्या हाताच्या टप्प्यात आणत. तळव्यात नखे रुतू नयेत म्हणून कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, कुंचला दुसऱ्या कुणीतरी बोटांत सरकवलेला, आणि खांद्यापासून हलणारा हात. १९१९च्या डिसेंबरात ते वारले. ‘स्नान करणाऱ्या स्त्रिया’ हे मोठे चित्र त्याच वर्षी संपले होते.